शाकिरच्या झाडाची पूड

शाकिर आणि नाजी या दोघा भावांमध्ये बारा वर्षांचं अंतर होतं, आणि एक कालवा. शाकिर थोरला. नाजी धड चालायला लागला नव्हता तेव्हा त्यांची आई गेली. त्याला खांद्यावर घेऊन बागेत हिंडवला तो शाकिरने. खजुरावर चढायला शिकवलं शाकिरने. नाजीसाठी मला मागणी घालायला माझ्या वडिलांकडे आला तोही शाकिरच. नाजी बाहेर होडीत बसून राहिला होता, लाजून.

बगदादमध्ये राजा होता तेव्हाची ही गोष्ट. मी लग्न होऊन बसऱ्याजवळच्या अबुल खसीबला आले त्याच वर्षी सासरे वारले आणि बाग वाटली गेली. कालव्याच्या पलीकडची शाकिरला, अलीकडची आम्हाला. आमच्या वाट्याला साठ झाडं आली, बहुतेक बर्ही जातीच्या खजुराची, सगळी मादी. नर झाडं दोनच होती. ती दोन्ही पलीकडे राहिली.

त्याचं तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. नर खजूर स्वतः फळ देत नाही. त्याच्या तुऱ्यांत पिठासारखी पूड असते, ती मादीच्या मोहोराला लागली की फळ धरतं, आणि दोन नर शंभर झाडांना सहज पुरतात. फक्त ती लावावी लागते. वाऱ्यावर सोडलं तर चार झाडांना लागेल, चाळीस उपाशी राहतील. म्हणून माणसाने कमरेला पट्टा घालून चढायचं, काटे चुकवत मोहोरापर्यंत पोचायचं, नराचे चार-पाच तुरे मादीच्या मोहोरात उलटे खोवायचे, वरून पातीच्या दोरीने सैल गाठ मारायची, उतरायचं आणि पुढचं झाड. मोहोर एकदम उमलत नाहीत, त्यामुळे एकेका झाडावर दोन-तीनदा जावं लागतं. आणि उमलल्यावर आठवड्याच्या आत पूड लागली नाही तर त्या मोहोराचं वर्ष गेलं.

पूड न लागलेल्या मोहोरालाही काहीतरी येतं. एरवी एकेका फुलातून तीन दाणे डोकावतात. दोन गळतात आणि एक वाढतो. पूड लागली नसेल तर तिन्ही चिकटून राहतात, बारीक, हिरवट, आत बी नाही, गोडी नाही. त्याला आमच्याकडे शीस म्हणतात. गुरंसुद्धा नाक मुरडून खातात.

दर वर्षी वसंतात दोघे भाऊ मिळून दोन्ही बागा करायचे. एक चढायचा, दुसरा खाली उभा राहून पट्टा आणि पाय बघायचा. आम्ही बायका शाकिरच्या ओट्यावर चटई टाकून नराच्या पोया सोलायचो. पोय फोडली की आतून पांढरे तुरे निघतात आणि ओल्या कणकेसारखा वास सुटतो. दिवसभर ते तुरे वेगळे करायचे, सावलीत पसरायचे. केस, भुवया, ओढणी, सगळं पांढरं होऊन जायचं. शेजारच्या नावाड्याची बायको यायची, तिच्या बहिणी यायच्या, आणि शाकिरची बायको नईमा सगळ्यांना हसवायची. तिची जीभ फार चालायची. मन वाईट होतं असं मी म्हणणार नाही. माझी दोन्ही बाळंतपणं तिनेच केली. दोन्ही वेळा रात्रंदिवस माझी कंबर दाबत ती बसली होती.

दोन्ही बाळं मेलेलीच जन्मली.

आमच्याकडे माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. शाकिर म्हणजे अबू कामिल, कामिलचा बाप. नईमा उम्म कामिल, त्याची आई. ज्याला मूल नाही त्यालाही लोक अशा नावाविना ठेवत नाहीत, त्याला अबू गायब म्हणतात. जो मुलगा अजून आलेला नाही, त्याचा बाप. माझा नाजी अबू गायब होता. लोक ते प्रेमाने म्हणायचे, मानाने म्हणायचे. मला मात्र प्रत्येक वेळी वाटायचं, कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवतंय.

दुसरं बाळ पुरलं त्याला चाळीस दिवस होत होते, तेव्हा पोया फुटल्या. मी नको म्हणत होते, पण नाजी म्हणाला, "चल गं, चार माणसांत बसलीस तर बरं वाटेल." म्हणून हंगामाच्या शेवटच्या दिवसांत गेले. चटईवर बसले, एक पोय ओढली. तेवढ्यात नईमा हसत म्हणाली, "बद्रियाला नका गं देऊ तुरे! तिचा हात लागला तर साठच्या साठ झाडं शीस धरतील."

नावाड्याची बायको हसली. तिच्या बहिणी हसल्या. नईमासुद्धा हसली, आणि मग माझं तोंड बघून तिचं हसणं थांबलं. "अगं, गंमत केली," म्हणाली. पण मी उठले होते. साकव ओलांडून घरी आले आणि पांढऱ्या हातांनीच तंदूरपाशी बसून राहिले.

नाजी आला तेव्हा मी त्याला शब्दन् शब्द सांगितला. तो तसाच वळला आणि पलीकडे गेला. मी अलीकडच्या काठावर उभी राहून ऐकत होते. कालवा केवढासा, कुजबुज सोडून सगळं ऐकू येतं.

"दादा, तुझ्या बायकोला बाहेर बोलाव."

"कशाला?"

"बद्रियाची माफी मागू दे. ज्यांच्यासमोर बोलली त्यांच्यासमोर."

"नाजी, बायकांचं बोलणं बायकांत राहू दे. ती तोंडाळ आहे, तुला ठाऊक आहे. आज बोलेल, उद्या तुझ्याच घरी मासे पाठवील."

"माझी दोन पोरं मातीत आहेत. आणि तू मला माशांचं सांगतोस?"

शाकिर गप्प राहिला असता तर बरं होतं. पण ओट्यावर शेजारच्या बायका होत्या, दारात बायको होती, आणि धाकटा भाऊ सगळ्यांसमोर आवाज चढवत होता. तोही भडकला.

"जा तर मग! पण नर झाडं माझ्या बाजूला आहेत, हे विसरू नकोस. एक वर्ष पूड नाही मिळाली, की येशील रांगत."

"रांगत आलो, तर आपल्या बापाचं नाव लावणार नाही," नाजी म्हणाला.

त्या वर्षीची पूड तोवर बहुतेक बांधून झाली होती, त्यामुळे फळ धरलं. पण तोडणीला शाकिर आला नाही, आणि त्याच्या तोडणीला नाजी गेला नाही. ईदला नाजी पहाटेच बसऱ्याला निघून गेला, का, तर पलीकडे सलाम करायला जावं लागू नये. वर्षभर दोघे एकाच कालव्यात हातपाय धुवायचे, हा इकडे, तो तिकडे, आणि मान वर करायचे नाहीत. पुरुष असे रुसले की त्यांना परतीची वाटच सापडत नाही. नाजी झोपेत दादा म्हणून हाक मारायचा. सकाळी मी त्याला ते सांगत नव्हते.

पुढचा वसंत आला. आमच्या झाडांचे मोहोर फुटायला लागले. नाजी दोन दिवस नुसता वर बघत फिरला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "बसऱ्याच्या बाजारात पोयांच्या जुड्या मिळतात. आणतो." आणि होडी घेऊन गेला.

त्याच दुपारी शाकिर आला.

मी अंगणात तांदूळ निवडत होते. साकवावर पावलं वाजली, वर बघितलं तर तो. वर्षभरात दाढी निम्मी पांढरी झाली होती. काखेत त्याचा स्वतःचा रुमाल, डोक्याला बांधायचा, त्यात गुंडाळलेल्या चार पोया. नुकत्याच तडकलेल्या, अगदी बांधायला तयार.

"तो गेला ना बाजारात?" त्याने विचारलं.

"गेले."

"होडी जाताना बघितली मी." तो उभाच राहिला. मी बसा म्हटलं नाही. "बाजारातल्या जुड्या कुठकुठून येतात, भिजलेल्या असतात, शिळ्या असतात. त्याला ही पूड दे. म्हणावं, दादाने दिली. म्हणावं, रांगत मीच आलो."

मी तांदळाचं ताट बाजूला सरकवलं.

"जेवतो का नीट?"

"जेवतात."

मग तो खाली बघून म्हणाला, "बद्रिया, तुझं बाळ मी माझ्या हातांनी मातीत ठेवलं होतं. आणि त्या दिवशी तुझ्यासाठी माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही. ते मला खातंय."

खरं सांगते, माझा राग तिथेच विरघळला होता. मी उठून त्याला पाणी देणार होते. रुमाल त्याच्या हातातून घेतलासुद्धा. आणि तो वळता वळता म्हणाला, "मी आलो होतो हे एवढ्यात नईमाला कळू देऊ नकोस. उगीच घरात कटकट. मी सवडीने सांगेन तिला. नाजी हो म्हणाला तर उद्या साकवावर ये म्हणावं, मी तिथे असेन."

तो गेला, आणि मी रुमाल हातात धरून उभी. माफी मागायला आला, तीसुद्धा चोरून. माझा अपमान झाला चारचौघींत, हसण्याच्या गजरात, आणि माफी अशी दुपारच्या उन्हात कुणी नाही बघून. मला वाटलं, एक दिवस याला वाट बघू दे. एकच दिवस. मी वर्षभर जळले, हा एक दिवस जळू दे. मग देईन.

कोठीत रिकाम्या टोपल्यांची उतरंड होती, तिच्यामागे मी ते गाठोडं सारून ठेवलं.

संध्याकाळी नाजी आला. होडीत जुड्यांचा ढीग. दमला होता, पण वर्षभरात पहिल्यांदा खुशीत होता. "बघ," म्हणाला, "कुणाच्या दारात जावं लागलं नाही." त्या खुशीवर माझ्याने बोलवलं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच तो चढायला लागला. खाली पाय बघायला कुणी नव्हतं, मीच उभी राहिले. आणि तिथून मला साकव दिसत होता, आणि साकवाच्या पलीकडच्या टोकाला बसलेला शाकिर. तो आमच्याकडे बघत होता. नाजी कुठली पूड बांधतोय ते बघत होता.

त्या दिवशी सांगणं सोपं होतं, असं आता वाटतं. तेव्हा वाटलं, सांगायचं म्हणजे काल का नाही सांगितलं तेही सांगावं लागेल. दुसऱ्या दिवशी ते आणखी अवघड झालं. शाकिर दुसऱ्या दिवशीही बसला होता. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बसला आणि उठून गेला.

चौथ्या दिवशी मी गाठोडं सोडलं. कोठीत ओल असते. पोयांवर काळी बुरशी चढली होती आणि कणकेचा तो वास आंबून गेला होता. नाजी बागेच्या टोकाला होता. समुद्राची भरती-ओहोटी आमच्या कालव्यातही येते; तेव्हा ओहोटी चालू होती, पाणी शत्त नदीकडे ओढलं जात होतं. मी सगळं कालव्यात फेकलं आणि ते वाहत जाताना बघितलं. रुमाल तंदूरमध्ये घातला.

जन्मभर त्या पाण्याकाठी राहिले आणि तेवढं मला सुचलं नाही. ओहोटीने नेलेलं भरती परत आणते. संध्याकाळी पाणी चढलं तेव्हा ते तुरे परत आले आणि साकवाच्या पायाशी, पलीकडच्या अंगाला, चिखलात अडकून बसले. शाकिरने ते बघितले. त्याने वाकून एक तुरा उचलला, हातात फिरवला, आणि परत पाण्यात सोडला. मी तंदूरपाशी होते. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

महिना-दीड महिन्याने नाजी झाडावरून उतरला आणि खाली बसला. मुठीत दाणे होते. तीन-तीन चिकटलेले, हिरवट, बारीक.

"शीस," म्हणाला. "सगळीकडे शीस, बद्रिया. जुड्या भिजलेल्या होत्या."

साठांतली दहा-बारा झाडं मात्र चांगली धरली होती. कालव्याकाठची, पहिल्या ओळीतली. वारा पलीकडून येतो. नाजी त्या झाडांखाली किती तरी वेळ उभा राहिला. एक घड हाताशी आला होता, तो त्याने खालून तळहाताने तोलला.

"ही दादाची आहेत," म्हणाला. "त्याने दिली नाही तरी वाऱ्याने दिली." मग त्याने घड सोडला. "मी मूर्खपणा केला. बर्ही पिवळी पडली ना, की याच घडांची पहिली टोपली घेऊन जातो त्याच्याकडे. रांगत जायचं तर रांगत जातो."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. आजच जा, टोपलीची वाट बघू नकोस, एवढं तरी म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "जा, बरं होईल."

बर्ही पिवळी पडायला लागली होती. कालव्यातला गाळ काढायचे दिवस. शाकिर गुडघाभर पाण्यात फावडं मारत होता. त्याने छातीवर हात ठेवला, काठावर येऊन बसला, कामिलला म्हणाला, "आईला बोलाव." नईमा धावत येईपर्यंत तो गेला होता.

आम्हाला तिची किंकाळी ऐकू आली. नाजी साकवावरून गेला नाही, कपड्यांसकट पाण्यातून गेला.

मयताला आंघोळ त्यानेच घातली. केस विंचरले, दाढी विंचरली. मी बायकांत बसले होते. जनाजा उचलायची वेळ आली, नाजीने पुढच्या दांडीला खांदा लावला, आणि नईमा दारात येऊन उभी राहिली. डोक्यावरची ओढणी खाली पडली होती, तिला भान नव्हतं.

"याचा खांदा नको," ती म्हणाली.

अंगणभर माणसं. सगळे थांबले.

"तीन दिवस बसला तो साकवावर. मी विचारलं, का बसलायस, तर सांगेना. मग सांगितलं. स्वतःच्या डोक्याच्या रुमालात बांधून पोया घेऊन गेला होता तुझ्या दारात. तुझ्या बायकोच्या हातात दिल्या. म्हणाला, रांगत मीच आलो. आणि तू काय केलंस? पाण्यात टाकल्यास! त्याला दिसेल अशा टाकल्यास! त्या दिवसापासून तो धड जेवला नाही, नाजी. तू मारलंस त्याला."

नाजी तिच्याकडे बघत राहिला. त्याला काही समजत नव्हतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्याची नजर हळूहळू फिरली, बायकांवरून, आणि माझ्यावर येऊन थांबली.

मी मान खाली घातली. तेवढंच पुरे होतं.

लोक वाट बघत होते. मला वाटलं, आता नाव घेतो. घ्यावं असंही वाटलं. नाजीचा आवाज आला, अगदी हळू:

"हो. मीच टाकल्या."

कुणीतरी त्याच्या खांद्यावरून दांडी काढून घेतली. भावाच्या जनाज्यामागे तो सगळ्यांत शेवटी, एकटा चालत गेला.

संध्याकाळी घरी आला. पाय धुतले. मी भाकर पुढे ठेवली, ती त्याने मोडली आणि तशीच ठेवली. मी म्हटलं, "नाजी, मी..."

"बाजारातल्या जुड्या भिजलेल्या होत्या," तो म्हणाला. "एवढंच झालं." आणि उठून बागेत गेला.

त्याने मला मारलं असतं, माहेरी पाठवलं असतं, तर आमच्यात काहीतरी संपलं असतं आणि दुसरं सुरू झालं असतं. त्याने तसलं काही केलं नाही. आवाज चढवला नाही. माझ्या हातचं जेवला, माझ्या आजारपणात माझ्या उशाशी बसला. फक्त झोपेत दादा म्हणून हाक मारायची बंद झाली.

पुढच्या वसंतात, पोया तडकल्या त्या दिवशी तो पट्टा घेऊन पलीकडे गेला आणि नईमाच्या झाडांवर चढला. आधी तिची सगळी झाडं, मग आमची. नईमाने त्याला नको म्हटलं नाही. विधवा बाई, मुलगा लहान, बाग तर जगवायची होती. पण तो अंगणात आला की ती आत जाऊन दार लावून घ्यायची. तडकलेल्या पोया ओट्यावर ठेवलेल्या असायच्या, त्या तो उचलायचा. आमच्याकडे परक्या गवंड्यालासुद्धा चहा दिल्याशिवाय पाठवत नाहीत. नाजी चोवीस वसंत त्या बागेत राबला, आणि त्याला त्या घरातून चहाचा एक पेला आला नाही. पाणी तो घरून न्यायचा. कामिल मोठा झाला तसा त्याला त्याने चढायला शिकवलं, आपल्याला शाकिरने शिकवलं होतं तसं. कामिल शिकला, पण त्याला कधी काका म्हणाला नाही.

कॉफीखान्यात नाजी बसला की बाकावरची माणसं सरकायची. परगावच्या माणसाला सांगायचे, "हा बघ, भावाची पूड पाण्यात टाकणारा." तो ऐकायचा. मग त्याने कॉफीखान्यात जाणंच सोडलं.

दहा-अकरा वर्षं झाली असतील तेव्हा एकदा मला राहवलं नाही. तो पट्ट्याची वीण दुरुस्त करत बसला होता. मी त्याच्यासमोर जाऊन बसले. म्हटलं, "नाजी, आज मला बोलू दे. मी नईमाकडे जाते, सगळ्यांसमोर सांगते. तू का भोगतोस माझं?"

त्याने वीण खाली ठेवली नाही. म्हणाला, "सांगून काय होईल? दादा उठून बसेल? तुला मात्र या गावात पाणी मिळणार नाही. मला सवय झालीय."

"मग मला तरी एकदा तोंडाने सांगू दे. तुला."

"मला नको सांगूस," तो म्हणाला. "तू सांगितलंस तर मला तुला माफ करावं लागेल, बद्रिया. आणि ते मला जमेल की नाही, मला माहीत नाही. असंच राहू दे. असं मला तुझ्याबरोबर राहता येतं."

मग मी पुन्हा बोलले नाही.

तो गेला हिवाळ्यात, खोकल्याने. शेवटचे दोन दिवस त्याला नीट बोलता येत नव्हतं. माझा हात धरून होता, पण तो त्याने माझा म्हणून धरला होता की आपलं कुणाचा तरी हात म्हणून धरला होता, हे मी सांगू शकत नाही. जनाज्याला माणसं थोडीच होती. पलीकडून कुणी आलं नाही.

चाळिसावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी साकव ओलांडला. चोवीस वर्षांत त्या अंगणात माझं पाऊल पडलं नव्हतं. नईमा उन्हात बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, तिने पावलांवरून विचारलं, "कोण?"

"बद्रिया."

"मेला म्हणून ऐकलं. अल्ला त्याला क्षमा करो. मी केली नाही."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. गाठोडं, कोठी, तीन दिवस, बुरशी, ओहोटी. शाकिर काय काय बोलला तेही. "नईमाला कळू देऊ नकोस" म्हणाला होता, तेही. मी रडले नाही. मला वाटलं, रडण्याचा हक्क माझा नाही.

 माझं संपल्यावर तिने विचारलं, "नाजीला माहीत नव्हतं?"

"जनाज्याच्या वेळी कळलं. तू बोललीस तेव्हा."

"तेव्हा कळलं. आणि तो हो म्हणाला?"

"हो."

"चोवीस वर्षं," ती म्हणाली.  "कामिलला गोवर आला तेव्हा हा दाराशी उभा होता. तीन दिवस. मी सांगितलं, तुझी सावली नको. उन्हात उभा होता तो. बद्रिया, मी त्याच्यावर थुंकले होते गं. पहिल्या वर्षी. या इथे." तिने हाताने अंगणातली जागा दाखवली. "त्याने तोंड पुसलं आणि झाडावर चढला."

हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं.

"तू आता का सांगतेस?" ती ओरडली. "तो होता तेव्हा का नाही? आता मी कुणाला काय देऊ? त्याच्यावर राग धरून मी जगले, तोही नेलास. शाकिर मला न सांगता गेला, म्हणजे माझ्या त्या एका बोलण्यावरून... आता मी कुठे जाऊ हे घेऊन?"

मी तिच्या पायांना हात लावायला गेले. तिने पाय ओढून घेतले. "जा," म्हणाली. "माझ्या अंगणातून जा."

तिने ते गावाला सांगितलं. सांगायलाच हवं होतं. आठवड्यात सगळ्यांना कळलं. कॉफीखान्यातली म्हातारी माणसं नाजीच्या नावाने फातिहा म्हणायला जमली म्हणे. माझ्या दारात कुणी येत नाही, आणि तेही ठीकच आहे. माझी झाडं मी खंडाने दिली आहेत, दुसऱ्या गावचा माणूस येऊन चढतो.

त्या शुक्रवारी मी कबरस्तानात गेले, तर आधीच तिथे दोघं होती. कामिल, त्याच्या दंडाला धरून नईमा. कामिलने तिला नाजीच्या कबरीपाशी नेऊन बसवलं. ती मातीवरून हात फिरवत होती, डोकं कुठल्या बाजूला आहे ते चाचपून बघत होती, आणि काहीतरी बोलत होती, भराभर, थांबेचना. कामिल, चांगला चौतीस वर्षांचा बाप्या, तोंड झाकून उभा होता.

मी भिंतीबाहेर थांबले. ऊन चढलं तरी ती उठली नाही. दुपारच्या नमाजाची बांग झाली तेव्हा कामिलने तिला धरून उभं केलं आणि दोघं माझ्या समोरून गेली. तिला मी दिसले नसेन. कामिलला दिसले. तो थबकला, त्याचे ओठ हलले, मग त्याने आईचा हात घट्ट धरला आणि पुढे गेला.

मग मी आत गेले.